विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापकांचं खरंच चालतं का?

चालतं, पण कुठे बसलेत त्यावर आहे. आपल्याकडे 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे, त्यात अधिसभेवर म्हणजे सिनेटवर कॉलेजच्या शिक्षकांमधून 10 जण निवडून जातात. भाषणं तिथे भरपूर होतात, बजेटवर चर्चा होते, पेपरात फोटोही येतो, पण रोजचा कारभार आणि पैशाचे निर्णय व्यवस्थापन परिषदेत होतात आणि तिथे शिक्षक मोजकेच.

माझ्या मते खरी ताकद अभ्यास मंडळात आहे, ज्याकडे कुणी बघतच नाही. सिलॅबस काय, पुस्तकं कुठली लावायची, हे तिथे ठरतं, मग ते अभ्यासक्रमांवर शिक्कामोर्तब करणाऱ्या विद्या परिषदेकडे जातं. पण अभ्यास मंडळावरही बरेच सदस्य कुलगुरूंनी नेमलेले असतात, निवडून आलेले विभागप्रमुख थोडेच, त्यामुळे कुलगुरू कोण आहेत यावर बराच फरक पडतो. शिवाय आधी डीन म्हणजे अधिष्ठाता निवडणुकीतून यायचे, आता निवड समिती मुलाखत घेऊन नेमते. राजकारण कमी झालं म्हणणारे आहेत, पण मला विचाराल तर ते फक्त दुसऱ्या खोलीत गेलं 😄

आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर बहुतेक ठिकाणी काही विचारतच नाहीत, वर्गात मात्र तेच उभे असतात.