वाचकांचे प्रश्न : दोघांची डोंगरसफर

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको आठ दिवस स्वतःच्या गाडीने डोंगराळ भागात फिरणार आहोत. रोज साधारण २४० किलोमीटर असा बेत आहे. गाडी मी एकटाच चालवतो. जमेल का?

उत्तर : गाडी पोहोचेल, पाहायचं मात्र राहून जाईल. अरुंद, वळणावळणाच्या घाटात थांबे न धरताच ताशी २५ ते ३० किलोमीटरची सरासरी पडते. म्हणजे २४० किलोमीटरना आठ ते साडेनऊ तास, आणि जेवण, फोटो, समोरच्या ट्रकसाठी गाडी मागे घेणं हे सगळं वर. दिवसाला १२० किलोमीटरपेक्षा जास्त आखू नका. आठातला एक दिवस कोरा ठेवा. दरड कोसळून रस्ता बंद झालाच तर तो कामी येईल, नाही तर आवडलेल्या एखाद्या जागी खर्च होईल.

चालवणाऱ्याला दृश्य दिसत नाही, आणि दिसूही नये. नजर जिकडे वळते तिकडे गाडी ओढली जाते. म्हणून थांबे त्याच्या हिशेबाने ठरवा, दर तासा-सव्वा तासाने एक, तोही रुंद जागी, वळणाच्या तोंडाशी नाही. पश्चिमेकडे तोंड करून पाहायच्या जागा सकाळी घ्या, पूर्वेकडच्या दुपारनंतर. ऊन पाठीशी राहतं आणि समोरचा कडा उजळलेला दिसतो. उंच शिखरं मात्र सकाळीच गाठा, कारण दुपारी ढग चढतात. बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत असेल तिथेही हाच नियम : रात्री वितळणं मंदावतं म्हणून पहाटे ओढा उथळ असतो, दुपारी तोच बोनेटला लागू शकतो.

प्रश्न : मागच्या वेळी लांब उतारावर जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ पडून खाली गेलं. गाडी थोडा वेळ उभी केली तर पुन्हा ठीक. मेकॅनिक म्हणतो ब्रेक उत्तम आहेत. मग झालं काय?

उत्तर : ब्रेकचे पॅड उत्तम असतीलही, ब्रेक ऑइल मात्र उत्तम नव्हतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रकारच्या ताज्या, कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावलेल्याचा १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उतारावर ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते; म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला काहीच कळत नाही. थंड झाल्यावर वाफ विरते, पेडल पूर्ववत होतं आणि गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. पुढच्या सफरीआधी ऑइल बदलून घ्या. एरवीही दर दोन वर्षांनी बदलायचं, किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी.

पेडल टणक लागतंय पण गाडी थांबत नाही, ही वेगळी तक्रार. तिथे पॅड तापून घर्षण कमी झालेलं असतं. दोन्हींचं मूळ एकच, उष्णता. दीड हजार किलोची गाडी १,००० मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढ्यात सुमारे ४४ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. थोडी हवा आणि टायर खातात. उरलेली एक तर ब्रेक पचवतील, नाही तर इंजिन.

ती इंजिनावर टाका. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता तोच, अनेकदा दुसरा. ऑटोमॅटिकमध्ये एल, २ किंवा मॅन्युअल मोड. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू द्या. काटा लाल पट्ट्याच्या आत असला की झालं. वेग वाढला तर ब्रेक नेटाने दाबून दहा-पंधराने उतरवा आणि पाय पूर्ण उचला. मैलोन्‌मैल पाय अलगद टेकवून ठेवणं ही तुमच्या जळक्या वासाची कहाणी असणार. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचत नाही : आजच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर, इंधन तोडतात, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. इंजिन बंद करून उतरणं तर शुद्ध वेडेपणा. दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या बूस्टरचं बळ संपतं, स्टीअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर ते अडकूही शकतं.

वास आलाच तर रुंद जागा पाहून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. मागचे ब्रेक तापलेले असताना नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका, थंड होताना आकसून पकड ढिली पडते. चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते. अर्धा तास द्या. धावत्या गाडीत पेडल खाली गेलं तर ते भराभर पंप करा, एकेक गिअर खाली या, हँडब्रेकचं बटण दाबून धरत तो हळूहळू ओढा, आणि शेवटचा उपाय म्हणून गाडी डोंगराच्या बाजूला घासू द्या. जळका वास चढावर आला तर तो बहुधा क्लचचा : अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक लावा.

विजेच्या गाडीवाल्यांसाठी जाता जाता : माथ्यावर बॅटरी पूर्ण भरून उतरायला लागू नका. भरलेल्या बॅटरीत ब्रेकची वीज मावत नाही आणि सगळा भार पुन्हा पॅडवर येतो.

प्रश्न : माझ्या पत्नीला घाटात मळमळतं. या वेळी आम्ही ३,५०० मीटरपर्यंत जाणार आहोत. हा त्रास गाडी लागण्याचा की उंचीचा, हे कसं ओळखायचं?

उत्तर : वेळेवरून. गाडी लागली असेल तर थांबून तास-दोन तासांत बरं वाटतं. उंचीचा त्रास पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, डोकं दुखण्यापासून, आणि रात्री वाढतो. २,५०० मीटरच्या खाली तो क्वचित. गाडीचा धोका हा की पायी चार दिवसांत चढायची उंची ती सकाळभरात चढवते. ३,००० मीटरनंतर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका. दिवसा वर जाऊन खाली झोपायला परतलात तर उत्तमच. तुमच्या बेतात २,५०० च्या आसपास एक-दोन मुक्काम हवेतच. डोकं दुखत असेल तर पुढे चढायचं नाही, दारू आणि झोपेच्या गोळ्याही नाहीत. सरळ रेषेत चालता न येणं, बसल्या जागी धाप, बरळणं यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी लगेच खाली उतरा आणि दवाखाना गाठा. उंचीचा त्रास टाळण्यासाठीचं औषध, ॲसिटाझोलामाइड, घ्यायचं का, हे निघण्याआधी डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर सांगायला विसरू नका.

गाडी लागण्यावर पुढची सीट, काच थोडी उघडी, नजर दूरच्या रस्त्यावर, मोबाइल बंद. गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास, पण तिने झोप येते, म्हणून ती घेणाऱ्याने चालवायचं नाही. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. पत्नीला गाडी येत असेल तर गोळीऐवजी चाकच त्यांच्या हाती द्या.

प्रश्न : उंचावर गाडीचा दम जातो. हवेचा दाबही बदलतो, तर टायरमधली हवा कमी करावी का?

उत्तर : नको. टर्बो नसलेलं इंजिन दर १,००० मीटरला सुमारे १० टक्के ताकद गमावतं, हा दोष नव्हे. ३,००० मीटर चढल्यावर बाहेरचा दाब घटल्याने टायरचं मापन सुमारे ४ पीएसआयने जास्त दिसतं, पण थंडीमुळे जवळपास तेवढंच उतरतंही. सकाळी गार टायरवर तपासा, गाडीच्या दारावरचा आकडा ठेवा.

प्रश्न : नवरा चालवतो तेव्हा शेजारी बसून मी नेमकं काय करावं? एरवी ओरडण्यापलीकडे काही होत नाही.

उत्तर : ओरडणं उशिरा पोहोचतं. घाट वर चढत असेल तर वरच्या वळणांवर नजर ठेवा आणि गाडी दिसली की आधीच सांगा : 'वरून ट्रक, दोन वळणांनी.' त्या माहितीवर त्यांना रुंद जागा पाहून थांबता येतं. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असा रिवाज आहे, पण रुंद जागा ज्याच्या जवळ त्याने मागे घ्यावं, हे जास्त शहाणपणाचं. मागे घेताना तुम्ही उतरा आणि डोंगराच्या बाजूला उभ्या राहा, त्यांच्या आरशात दिसाल अशा, गाडीच्या मागे कधीच नाही. खुणा घरीच ठरवा : सपाट तळवा म्हणजे थांब, मुठी आवळल्या म्हणजे चाक सरळ. आरशात तुम्ही दिसेनाशा झालात की त्यांनी ब्रेक दाबायचा, कारण न विचारता.