शंभर व्होल्टला शून्य का?

प्रश्न : आमच्या छोट्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये फ्लूक ५५२०ए कॅलिब्रेटर (सांगू तेवढं अचूक व्होल्टेज देणारं यंत्र) आहे. ग्राहकांचे बेंच मल्टिमीटर तपासायला मी प्रोग्रॅम लिहिला. सुरुवातीला एकदा ‘ओपर’ (आउटपुट चालू करण्याची आज्ञा) पाठवतो, मग एकेक ‘आउट’ (किती व्होल्ट द्यायचे ते सांगणारी आज्ञा). ३ आणि ३० व्होल्टला रीडिंग बरोबर, पण १००, ३०० आणि ९०० ला मीटर जवळपास शून्य दाखवतो. एरर एकही नाही. कॅलिब्रेटर सर्व्हिसला पाठवू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात पाठवू नका. पुन्हा शून्य आलं की आधी कॅलिब्रेटरच्या डिस्प्लेचा खालचा कोपरा बघा. ‘ओपीआर’च्या (आउटपुट चालू) जागी ‘एसटीबीवाय’ (स्टँडबाय, म्हणजे आउटपुट बंद) दिसेल. ३३ व्होल्टच्या खालून वर जायला सांगितलं की हा गडी आपणहून स्टँडबायमध्ये जातो. टर्मिनलवर कोणाचा हात असेल, ही त्यामागची काळजी. त्याच्या लेखी यात चूक काहीच नाही, मग एरर कशाला देईल?

हे मला कळायला एक अख्खी दुपार गेली होती. दोन जोड लीड बदलल्या, मीटरचा फ्यूजसुद्धा काढून पाहिला (व्होल्टेजच्या वाटेत तो नसतो हे माहीत असून!). शेवटी अप्रेंटिस मुलगी म्हणाली, “मॅडम, ओपीआरच्या बटणावरचा हिरवा दिवा आज लागलाच नाहीये.”

तर ‘आउट १०० व्ही’ नंतर पुन्हा ‘ओपर’ पाठवा. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्यात, यंत्राला रोमन अक्षरांतच द्या.) लगेच रीडिंग मात्र घेऊ नका, आउटपुट स्थिरावायला वेळ लागतो. बरेच जण इथे ‘*वाय’ ही थांबण्याची आज्ञा टाकून निर्धास्त होतात. ती कॅलिब्रेटरला पुढची आज्ञा घेण्यापासून थांबवते, तुमच्या संगणकाला नाही. तो आपला दुसऱ्या केबलने मीटर वाचून मोकळा! त्यापेक्षा ‘*ओपीसी?’ पाठवा आणि उत्तरादाखल १ येईपर्यंत प्रोग्रॅमला बसवून ठेवा. प्रोग्रॅमचा टाइमआउट तोकडा असेल तर तेवढा वाढवा.

आता जास्त महत्त्वाचं. ‘ओपर’ लूपमध्ये डोळे झाकून टाकू नका, कारण मग ती ३३ व्होल्टची राखण तुम्हीच मोडून काढता. १०० च्या ‘ओपर’आधी स्क्रीनवर ‘लीड तपासल्या का?’ असं विचारा, एंटर दाबल्यावरच पुढे जाऊ द्या. तिथून ३०० आणि ९०० ला चढताना कॅलिब्रेटर पुन्हा अडवणार नाही. आणि शेवटच्या पॉइंटनंतर ‘एसटीबीवाय’ पाठवाच. नाहीतर प्रोग्रॅम संपलेला असतो, टर्मिनलवर ९०० व्होल्ट तसेच असतात आणि तुम्ही लीड काढायला हात पुढे केलेला असतो.