खात्यातून मी न केलेले व्यवहार झालेत, ओटीपीही आला नव्हता. बँक म्हणते थांबा. काय करू?

तुम्ही लिहिलंय की परवा आधी दोन किरकोळ रकमा गेल्या, मग एक मोठी. शाखेत गेलात तर ‘अर्ज ठेवून जा, पंधरा दिवसांनी बघू’ असं सांगितलं. अर्ज नुसता ठेवून येऊ नका, त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. मी बँकेत बरीच वर्षं ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या आहेत. पैसे परत मिळणार की नाही हे तिथे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर अडायचं: तक्रार नेमकी कधी नोंदवली, याचा पुरावा ग्राहकाकडे आहे का?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे ठरवून दिलं. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुठूनतरी माहिती फुटली, अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं तर ग्राहकावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. संदेश आला तो दिवस यात धरत नाहीत. ४ ते ७ दिवस लागले तर नेहमीच्या बचत खात्याला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत झळ बसू शकते. त्यानंतर सगळं त्या बँकेच्या धोरणावर. तुम्हाला बँकेचा संदेश परवा आलाय, म्हणजे मुदत अजून हातात आहे. पण उद्यावर टाकू नका.

आत्ता, हे वाचता वाचता, अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करा, यूपीआय बंद करा आणि बँकेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून घ्या. हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या नंबरावर चोरच बसलेला असू शकतो. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवा, ते विचारतात. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा झपाट्याने फिरतो. तो एटीएममधून बाहेर पडण्याआधी ज्या खात्यात सापडेल तिथे रोखून धरणं, हेच १९३० चं काम. उशिरा केलेल्या फोनवर त्यांच्याही हातात फारसं काही उरत नाही. हीच तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते.

ओटीपी न येता पैसे कसे गेले, हे स्टेटमेंटमधल्या त्या नोंदीवरून बऱ्याचदा कळतं. परदेशी संकेतस्थळांवर नुसत्या कार्डाच्या तपशिलावर पैसे कापले जाऊ शकतात. छोट्या रकमा आधी जाणं हे बहुधा कार्ड चालतं का, याची चाचपणी असते. नोंदीत आधारचा उल्लेख असेल तर कुणीतरी बोटाच्या ठशावर पैसे काढलेत. तसं असेल तर यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करा, नाहीतर कार्ड बदलूनही भोक तसंच राहील. त्या वेळेस मोबाइलचं नेटवर्क अचानक गेलं होतं का, तेही आठवून बघा. गेलं असेल तर तुमच्या नंबराचं दुसरं सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं. मोबाइल कंपनीकडे तातडीने जा.

कधी कधी व्यवहार आपलाच निघतो. पंतप्रधान विमा योजनांचे २० आणि ४३६ रुपयांचे वार्षिक हप्ते आपोआप कापले जातात आणि दरवर्षी माणसं त्यांनी दचकतात. ऑटोपेची जुनी मंजुरीही अशीच विसरलेली असते. तेव्हा यादी जरूर तपासा, पण आधी कार्ड बंद करून. नंतर सुरू करता येतं.

आता बँक काय म्हणेल ते सांगतो: ‘तुम्हीच कुणाला तरी ओटीपी दिला असेल.’ हे ऐकून गप्प बसू नका. त्याच परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. तुम्ही लेखी विचारा की हा व्यवहार कोणत्या पद्धतीने प्रमाणित झाला. आणि समजा घरातल्या कुणी खरोखरच ओटीपी सांगितला असेल, तरी लाजेखातर लपवू नका. कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असा नियम आहे. म्हातारी माणसं घरच्यांच्या भीतीने दोन-दोन दिवस बोलत नाहीत आणि तेवढ्यात उरलेली शिल्लकही जाते. हे पाहताना फार वाईट वाटायचं. त्यांना रागावू नका.

कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा, असंही त्या परिपत्रकात आहे. अर्जात या दोन्ही मुदती स्पष्ट लिहा. लिहिलेल्या अर्जाला ‘बघू’ असं उत्तर देणं जड जातं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेकडे केलेल्या तक्रारीची पोच तिथे जोडावी लागते.