आधी 'केलं' म्हणणारी मुलगी आता 'करलं' का म्हणते?

तुमची अडीच वर्षांची मुलगी आधी नीट 'मी केलं' म्हणायची, आता 'मी करलं', 'बाबा जाला' म्हणते. ती मागे चाललीय का, असं तुम्ही विचारलंय. मागे नाही हो, चांगली पुढे चाललीय.

आधीचं 'केलं' तिने तुमच्या तोंडून अख्खं उचललेलं होतं. त्यात 'कर' दडलाय याचा तिला पत्ताच नव्हता. मधल्या काळात बसला, पडली, उठलं असं ढीगभर तिच्या कानावर पडलं आणि तिने नियम काढला: होऊन गेलेलं सांगायचं तर मागे ला-ली-लं लावायचं. मग 'कर'चं 'करलं', 'जा'चं 'जाला'. घरात कुणी 'करलं' म्हणत नसेल, तर ते तिने स्वतः घडवलंय. हिशोब तिचा बरोबरच आहे. केला, गेला, आला ही आपल्याच भाषेची नाटकं.

साधारण दीड ते दोन वर्षांत मुलं दोन शब्द जोडायला लागतात. 'बाबा भूर' म्हणजे बाबा बाहेर गेला, किंवा बाबा, मला बाहेर ने. प्रत्यय नाही, क्रियापद नाही, अर्थ आपण लावायचा. प्रत्यय त्यानंतर येतात आणि ते आले की अशा चुका दिसायला लागतात.

माझ्या मुलाचं 'येली' चालायचं.
"आजी येली."
"आली म्हण."
"आली."
"शाब्बास! कोण आलं?"
"आजी येली."
मी नाद सोडला. नुसतं "हो का, आजी आली?" एवढंच म्हणायचे. काही महिन्यांनी 'येली' आपोआप गेलं. तो दिवसभर माझ्याजवळ असल्यामुळे 'मी जाते', 'मी खाते' असंही बोलायचा. त्याचं 'जातो' कधी झालं, मला आठवतही नाही. शिकवलं तर कुणीच नव्हतं.

मुलं नुसती पोपटपंची करत नाहीत हे भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी 1958 मध्ये छान दाखवलं होतं. 'वग' नावाचा एक काल्पनिक पक्षी काढून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना विचारलं, आता असे दोन आहेत, तर काय म्हणाल? बरीच मुलं अचूक 'वग्ज' म्हणाली. हा शब्द त्यांनी आधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं. आणखी थोडी मोठी झाली की मुलीवर करून बघा: "अस्वल टिमकतंय. काल पण टिमकत होतं. काल अस्वलाने काय केलं?" 'टिमकलं' आलं तर समजा, नियम तिला कळलाय.

बोलण्यातल्या या चुकांसाठी डॉक्टर नको. मात्र दोन वर्षं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचंच थांबलं असेल, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणीही करून घ्या.