एकदा फसवणूक झाल्यावर नव्या जोडीदारावर विश्वास कसा ठेवायचा?

आधीच्याने फसवलं, आताचा चांगला असूनही सारखा संशय येतो, असं तुम्ही लिहिलंय. मीही याच फेऱ्यातून गेलेय, इथेच इंदूरला.

माझे हे नवे साहेब रात्री मित्रांबरोबर सराफ्यात गेले की मी घरी 'लास्ट सीन' बघत बसायचे. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावरच तिथे खाण्याचे ठेले लागतात, उशीर होणारच, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण डोकं चालेल तर ना! एकदा चोरून फोनही तपासला. काहीच सापडलं नाही, आणि ते समाधान दोन दिवससुद्धा टिकलं नाही. खाजवल्यावर खाज वाढते, तसंच ते.

शेवटी छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाताना सरळ सांगून टाकलं, "तू काही केलं नाहीस, पण उशीर झाला की मला जुनं आठवतं." तो चिडला नाही. त्याने एक मेसेज टाकायचा, मी फोनला हात लावायचा नाही, असं ठरलं. सहाएक महिने लागले.

मात्र तुमचा जोडीदार खरंच खोटं बोलताना सापडत असेल, तर दोष तुमच्या संशयाचा नाही. झोपच उडाली असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मोफत आहे.