टेनेमेंट म्हणजे चाळ का?

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या ताईंनी विचारलं आहे. पहिल्याच परिच्छेदात त्यांची गाडी अडली: 'एकेका टेनेमेंटमध्ये वीस-वीस कुटुंबं राहत.' त्यांनी आधी 'चाळ' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या एकाने ते खोडून 'झोपडपट्टी' केलं, दुसऱ्याने समासात 'गाळा' सुचवलं. आता तिघांतलं ठेवायचं कोणतं?

झोपडपट्टी आधी काढून टाका. या इमारती पक्क्या विटांच्या, पाच-सहा मजली, मालकाने भाडं खाण्यासाठीच बांधलेल्या. पुष्कळांच्या रस्त्याकडच्या भिंतीवर तर कंगोरे आणि नक्षीही असे. आत माणसांचे हाल होते ते वेगळं. झोपडपट्टी म्हटलं की आपल्या वाचकाला पत्रे आणि ताडपत्री दिसणार, आणि पुढे लेखात चौथ्या मजल्यावरून वाळत घातलेले कपडे आले की तो गोंधळणार.

'गाळा' जास्त फसवा आहे. सुचवणाऱ्याने सरकारी कागद पुष्कळ चाळलेले दिसतात. म्हाडाच्या मराठीत टेनेमेंटला गाळा म्हणतात हे खरंच, पण तिथे टेनेमेंट म्हणजे एका कुटुंबाची जागा. न्यूयॉर्कात टेनेमेंट म्हणजे अख्खी इमारत. 'एका गाळ्यात वीस कुटुंबं' असं छापलंत तर वाचक छपाईची चूक समजेल. गंमत अशी की हा शब्द जाईल तिथे वेश बदलतो. गुजरातेत टेनामेंट म्हणजे पुढे छोटंसं अंगण असलेलं स्वतंत्र घर, आणि सांगायला भूषण. ग्लासगोमध्ये टेनेमेंट म्हणजे साधी दगडी मजल्यांची इमारत. तिच्यात चांगले सुखवस्तू लोकही राहतात, आणि कुणाला त्याची लाज नाही.

मुळात हा शब्द लॅटिनमधल्या 'धरणे' या क्रियापदापासून आला. टेनंट म्हणजे भाडेकरू, तोही त्याच कुळातला. आपल्या 'गाळेधारक', 'भूधारक' यांतला 'धारक' याच अर्थाचा. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात टेनेमेंट म्हणजे धारण केलेली कोणतीही स्थावर मिळकत, मग ती वाडा असो की शेत. गरिबीचा वास त्याला अमेरिकेत लागला. 1867 साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला आणि टेनेमेंटची व्याख्या ठरवली: जिथे तीनपेक्षा जास्त कुटुंबं एकमेकांपासून स्वतंत्र राहतात आणि आपापला स्वयंपाक तिथेच करतात, अशी भाड्याने दिलेली इमारत. स्वयंपाकाची अट वाचून मला पहिल्यांदा हसूच आलं. वेगळं घर म्हणजे वेगळी चूल, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. भाऊ वेगळे झाले म्हणजे काय झालं, हे आपण चुलींवरूनच सांगतो.

म्हणजे बिऱ्हाडं अनेक, चुली अनेक, जिना, अंगण आणि संडास सामाईक. इथवर चाळच म्हणायची. म्हणून ताईंचा हात पहिल्यांदा 'चाळ'कडे गेला यात नवल नाही, आणि तिघांत जवळचा शब्द तोच आहे. तरी मी तो सरसकट वापरणार नाही. कारण अडचण अर्थात नाही, चित्रात आहे.

चाळ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लांबलचक सामाईक गॅलरी, तिला लाकडी कठडा, ओळीने दारं, दाराशी चपला, कठड्याला टेकून समोरच्या बिऱ्हाडाशी बोलणारी माणसं. चाळीतलं निम्मं जगणं गॅलरीत होतं. न्यूयॉर्कच्या टेनेमेंटमध्ये ही गॅलरीच नाही. दार उघडलं की अंधारा बोळ आणि जिना.

हे असं का झालं, ते त्या शहराच्या वाढीत आहे. मॅनहॅटन हे न्यूयॉर्कमधलं बेट, लोअर ईस्ट साइड त्यावरच. तिथे 1800 साली साधारण 60 हजार माणसं होती. 1850 साली 5 लाखांवर गेली, 1900 मध्ये साडेअठरा लाख, 1910 मध्ये 23 लाख. आज तिथे 17 लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे एवढे टॉवर उभे राहूनही शंभर वर्षांपूर्वीपेक्षा कमी. बोटीतून उतरलेले आयरिश, जर्मन, मग इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू बंदराजवळच राहिले, कारण काम तिथेच होतं आणि कामावर चालत जाता आलं पाहिजे. शिवणकाम तर राहत्या खोलीतच चाले. बेट काही वाढत नव्हतं. भूखंड ठरलेले: रुंदी 25 फूट, खोली 100 फूट. एका कुटुंबाच्या घरासाठी हे माप बरं आहे. त्यावर वीस बिऱ्हाडं बसवायची तर इमारत मागे-मागे ढकलत न्यायची आणि दोन्ही बाजूंना शेजारच्या भिंती. मग उजेड पुढून आणि मागून, मधल्या खोल्यांत फक्त काळोख.

लोअर ईस्ट साइडमधल्या ऑर्चर्ड स्ट्रीटवर 97 क्रमांकाची अशी एक इमारत अजून उभी आहे. एका जर्मन शिंप्याने ती 1863 मध्ये बांधली, आज तिथे टेनेमेंटचं संग्रहालय आहे. मजल्याला चार बिऱ्हाडं. एकेक बिऱ्हाड साधारण 325 चौरस फुटांचं, त्यात तीन खोल्या: बैठकीची, मधे स्वयंपाकाची, आणि शेवटी झोपायची. बाहेरची खिडकी तिघींत एकीलाच. संडास सुरुवातीला मागच्या अंगणात, आत यायला 1905 साल उजाडलं. आणि एक गोष्ट अशी की ती पाहिल्याशिवाय टेनेमेंट कळत नाही: आतल्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत खिडकी. चांगली चौकट, तावदान, सगळं. पलीकडे आकाश नाही, आपलीच दुसरी खोली. कायद्याने भाग पाडलं म्हणून मालकांनी या खिडक्या पाडल्या, पुढच्या खोलीतला उजेड उसना मिळावा म्हणून. जेकब रीस या वार्ताहराला या वस्त्यांतले फोटो काढायला झगझगाटी भुकटी पेटवावी लागली. आतल्या अंधाराचा यावरून अंदाज यावा.

आता कुणी मला बीडीडी चाळी दाखवेल. 1920 च्या दशकातल्या त्या चाळींत मधून बोळ आणि दोन्हीकडे खोल्या आहेत, बाहेर गॅलरी नाही, तरी आपण त्यांना चाळच म्हणतो. मान्य. न्यूयॉर्कच्या टेनेमेंटशी तुलना करायचीच तर वरळी-नायगावच्या त्या चाळींशी करा, गिरगावातल्या लाकडी कठड्याच्या चाळीशी नको.

म्हणून माझा सल्ला: पहिल्यांदा 'टेनेमेंट' असंच लिहा आणि त्याच वाक्यात उलगडा, 'टेनेमेंट म्हणजे भाड्याच्या बिऱ्हाडांनी खच्चून भरलेल्या अंधाऱ्या मजली इमारती'. पुढे 'बिऱ्हाडांची इमारत' किंवा नुसतं 'इमारत' पुरेल. 'बिऱ्हाड' हा शब्द मात्र सोडू नका. त्यात भाडं, तात्पुरतेपणा आणि चूल, तिन्ही आहेत, आणि बोटीतून उतरलेल्या माणसाला तो कुटुंबापेक्षा चपखल बसतो. चाळीची तुलना एकदाच करा, जिथे नळावरची भांडणं येतात तिथे.

लेखात पुढे 'फ्रेंच फ्लॅट' येईल, तेव्हा दचकू नका. 1870 च्या सुमारास पैसेवाल्यांसाठी मजली घरं बांधायला लागले, पण एका छपराखाली चार कुटुंबं म्हणजे टेनेमेंटच, ही शरम होती. म्हणून फ्रेंच लेबल लावलं. आपल्याकडे चाळीतून बाहेर पडलेली माणसं 'ब्लॉकमध्ये राहायला गेली' असं सांगत, त्यातला सूर हाच. तिथे 'ब्लॉक' बेधडक वापरा.

लेख शिकागो किंवा फिलाडेल्फियाकडे वळला तर मात्र टेनेमेंट तिकडे ओढत नेऊ नका. शिकागो 1840 मधल्या साडेचार हजारांवरून 1890 मध्ये 11 लाखांवर गेलं खरं, पण ते माळरानावर पसरलं. तिथला कामगार बहुधा लाकडी छोट्या घरात किंवा दुमजली इमारतीत राही. फिलाडेल्फियात एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा होत्या.

राहिला 'डंबेल टेनेमेंट'. न्यूयॉर्कच्या 1879 च्या कायद्यानंतर जेम्स वेअर या वास्तुविशारदाच्या आराखड्याची चलती झाली. इमारतीची कंबर दोन्ही बाजूंनी आत घेतली की शेजारच्या इमारतीशी मिळून मधे हवेसाठी अरुंद चौक सुटतो. प्रत्यक्षात त्यात वरून कचरा पडे आणि आग लागली की तेच धुराडं होई. 1901 च्या नव्या कायद्याने तसं बांधायला बंदी आली. व्यायामशाळेत न गेलेल्या वाचकासाठी 'डंबेल' ठेवण्यात अर्थ नाही. दोन टोकांना रुंद, मधे बारीक: आपल्याकडे त्याला डमरू म्हणतात.