ग्राहकाचा प्रश्न : वॉरंटी संपल्यावर उघडकीस आलेला दोष

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. कोल्हापूरच्या दुकानातून घेतलेल्या फ्रीजवर एक वर्षाची संपूर्ण आणि कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी होती. दहाव्या महिन्यात थंडावा कमी झाल्याची तक्रार आम्ही कंपनीच्या क्रमांकावर नोंदवली, तेव्हा आलेला मेकॅनिक गॅस भरून, कोणताही कागद न देता निघून गेला. तेराव्या महिन्यात फ्रीज पुन्हा थंड होईनासा झाला. आता सर्व्हिस सेंटर म्हणते की, गळती आतल्या कॉइलमध्ये आहे, कॉम्प्रेसर ठीक आहे, म्हणून दहा वर्षांची वॉरंटी लागू नाही आणि एक वर्षाची संपली आहे. आम्हाला दाद मागता येईल का?

उत्तर : वॉरंटी कार्ड हे कंपनीने दिलेले वचन आहे आणि त्याची मुदत संपल्यावर त्या कार्डाच्या आधारे विनामूल्य दुरुस्ती मागता येत नाही, एवढे कंपनीचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ग्राहकाचा हक्क केवळ त्या कार्डातून निर्माण होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत कायद्याने किंवा करारान्वये, मग तो करार स्पष्ट असो वा गर्भित (न बोलता गृहीत धरलेला), राखावयाच्या दर्जातील कोणतीही उणीव येते. तीत वॉरंटीच्या तारखेचा उल्लेख नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानेही व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट विक्रीच्या व्यवहारात गृहीत धरली आहे.

तारीख उलटल्याने फरक पडतो तो पुराव्याच्या ओझ्यात. वॉरंटीच्या काळात वस्तू बिघडली एवढे दाखवणे बहुधा पुरते; त्यानंतर मात्र बिघाडाचे मूळ विक्रीच्या वेळीच वस्तूत होते, हे ग्राहकाला दाखवावे लागते. पुष्कळ तक्रारी येथेच अडतात, कारण ‘इतक्या लवकर बिघडले म्हणजे दोष असणारच’ हा युक्तिवाद मनाला पटला तरी ग्राहक आयोगापुढे तो एकटा टिकत नाही.

आपल्या प्रकरणात वस्तूची रचनाच आपल्या बाजूने बोलते. फ्रीजमधील गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो आणि वापराने तो संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. म्हणजे दहाव्या महिन्यात गॅस भरावा लागला, तेव्हाच गळती अस्तित्वात होती आणि ती न शोधता केवळ गॅस भरून दिला गेला, असे म्हणण्यास आपल्याला भक्कम जागा आहे. गळती भिंतीतील फोममध्ये बंदिस्त असलेल्या नळीत किंवा सांध्यात असेल, तर तेथे वापरणाऱ्याचा हात पोचतच नाही, त्यामुळे हाताळणीत बिघडल्याचा कंपनीचा बचाव दुबळा ठरतो. याउलट फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडताना कॉइलला भोक पडले असेल, तर दावा तेथेच संपला. तेव्हा गळती नेमकी कोठे आहे, हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे.

हे उत्तर हाती येईपर्यंत कॉइल बदलू देऊ नये. घरात फ्रीज बंद असताना हा सल्ला जाचक वाटेल, याची मला कल्पना आहे; तरीही दुरुस्ती अटळच असेल, तर आधी छायाचित्रे काढावीत, जॉबशीटवर (मेकॅनिकच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) बिघाडाचे कारण आणि जागा लिहून घ्यावी आणि काढलेला भाग स्वतःकडे ठेवावा. दहाव्या महिन्यातील भेटीचा कागद नसला, तरी तक्रार क्रमांकाचा एसएमएस आणि त्या दिवशीची कॉलची नोंद मोबाइलमध्ये असेल. तिचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवावेत. वॉरंटीच्या काळात नोंदवलेला दोष पुरता दूर झाला नाही, असे यावरून मांडता आले, तर मुदत संपल्याचा मुद्दाच गौण ठरतो आणि सेवेतील त्रुटी हा वेगळा आधारही मिळतो.

त्यानंतर दुकानदार आणि कंपनी या दोघांनाही ईमेलने व स्पीड पोस्टने पत्र पाठवून निश्चित मुदतीत उत्तर मागावे. अलीकडे मोबाइलवर तयार मिळणाऱ्या नोटिशींत ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई देण्याची जबाबदारी) हा भारदस्त शब्द सर्रास घातलेला दिसतो. तो येथे निरुपयोगी आहे, कारण उत्पादन दायित्वासाठी कायद्याने केलेल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे झालेले नुकसान वगळलेले आहे. सदोष वस्तू आणि त्रुटीयुक्त सेवा एवढेच म्हणावे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यास कंपनीकडे पाठपुरावा होतो. मात्र हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. खरेदी कोल्हापूरची असली, तरी नव्या कायद्यानुसार आपण राहता त्या सांगली जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. गरज भासल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो, पण तिचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते.

वर्षभर वापरलेल्या फ्रीजची पूर्ण किंमत परत मिळेल, अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही. विनामूल्य दुरुस्ती किंवा दुरुस्तीच्या खर्चाची भरपाई, त्यासोबत माफक नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च, ही मागणी वाजवी आहे.

प्रश्न : कोरेगाव (जि. सातारा) येथे मी घरी एकटीच घरघंटीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दळण दळून देते. वॉरंटी संपून दोन महिने होताच मोटर जळाली. दुकानदार म्हणतो की, हा धंदा असल्याने ग्राहक आयोग माझी तक्रार ऐकणारच नाही. हे खरे आहे का?

उत्तर : सर्वस्वी खरे नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने या अपवादातून स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे. आपण नोकर न ठेवता स्वतः दळता, हे तक्रारीतच लिहावे.

खरी अडचण दुसरी आहे. ‘केवळ घरगुती वापरासाठी’ अशी अट वॉरंटी कार्डावर किंवा माहितीपुस्तिकेत असेल, तर जास्त दळणामुळे मोटर जळाली, असे कंपनी म्हणेल. कमी दाबाच्या विजेकडेही बोट दाखवील. म्हणून वायंडिंग (मोटरमधील तारेचे वेटोळे) कशामुळे जळाले, याबद्दल मोटर रिवाइंड करणाऱ्या, म्हणजे ती तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या जाणकार कारागिराचे लेखी मत आधी घ्यावे. रिवाइंडिंग केलेच, तर जळालेली तार आणि मोटरवरील नोंदीची पाटी मोडीत देऊ नये. तपासणीचा प्रश्न आल्यास दाखवायला तेवढेच उरते.